खड्ड्यातली गोष्ट

तबकडीकाकांच्या घरात कधी कुणी एकही सिनेमा अखंड पाहिला नव्हता. हे ऐकून कुणालाही वाटेल की बिचाऱ्यांकडे टीव्ही नसेल, नाहीतर वीज जात असेल. तसलं काही नाही. ज्या माणसाचं डिस्क भाड्यानं द्यायचं दुकान, ज्याच्या फळ्यांवर जमिनीपासून छतापर्यंत सिनेमे कोंबलेले, त्याच्याच घरात ही गत. आणि त्याला कारण काकांचा स्वतःचाच नियम होता: चांगली डिस्क गिऱ्हाइकाची, जखमी डिस्क घरची.

जखमी म्हणजे लोकांनी वापरून वाट लावलेली. लोक डिस्क कशी वापरतात हे ज्यानं असलं दुकान चालवलंय त्यालाच विचारा. कुणी तिच्यावर चहाचा कप ठेवतं, कुणाचं पोर तिला फरशीवर चाक म्हणून फिरवतं, कुणी तेलकट बोटं तिलाच पुसतं, आणि परत देताना चेहरा असा, की जणू मखमलीत गुंडाळून ठेवली होती. काका प्रत्येक डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघायचे. मऊ सुती फडक्यानं मधून बाहेर पुसायचे. गोल गोल पुसणाऱ्याला ते माणसात धरत नसत. ओरखडा फारच असला तर बोटावर टूथपेस्ट घेऊन हळूहळू घासायचे. एवढं करूनही ती एखाद्या जागी अडायला लागली, की पाकिटावर काळ्या पेननं फुली मारून पिशवीत टाकायचे आणि संध्याकाळी ती पिशवी घरी आणायचे. गिऱ्हाइकाला द्यायला मन होत नसे आणि फेकायला हात धजत नसे.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की काका, काकू आणि त्यांची एकुलती एक लेक असे तिघं टीव्हीसमोर बसायचे. सिनेमा छान चाललेला असायचा आणि मग यायचा खड्डा. हा त्या घरातला शब्द. पडद्यावर चौकोन चौकोन उडायचे, नायकाचं तोंड त्याच्या कानापाशी जायचं, आवाज एकाच अक्षरावर अडून बसायचा. मग जो तो आपापल्या कामाला लागायचा. काका डिस्क काढून फुंकर मारायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे, आणि यंत्र कुरकुरत पुढची धड जागा शोधायला लागलं की स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचे. आणि काकू लेकीला खड्ड्यातली गोष्ट सांगायच्या, म्हणजे जे दिसलं नाही ते.

बरं, काकूंनी तो सिनेमा आधी कुठं पाहिलेला असायचा का? छे हो. त्यांनाही तेवढंच माहीत, जेवढं बाकीच्यांना. पण बाईंचं डोकं असं चालायचं की काही विचारू नका. पहिल्या वेळी अंदाजानं सांगायच्या. दुसऱ्यांदा तोच सिनेमा लागला की खड्ड्याचा पलीकडचा काठ ठाऊक झालेला असायचा, मग सांधा नीट जुळवून सांगायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत ती गोष्ट अशी घट्ट बसायची, की लेकीला पुढं आठवायचंही नाही, यातलं पडद्यावर काय दिसलं आणि आईनं काय सांगितलं. यातूनच पुढे फजिती झाली. लेक शिकायला वसतिगृहात गेली आणि तिथं एका गाजलेल्या सिनेमावर मैत्रिणींशी हमरीतुमरीवर आली. ती छातीठोकपणे सांगत होती, की नायिका लग्न मोडते ते तिच्या शेळीपायी. मैत्रिणी म्हणाल्या, कुठली शेळी? अख्ख्या सिनेमात शेळी नाही. पैज लागली, सिनेमा लावला, आणि शेळी खरंच नव्हती. पोरगी तोंड पाडून सुट्टीला घरी आली आणि आईला जाब विचारला. काकूंनी जरा विचार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "नसेल मग. पण असायला हवी होती."

अशी बाई ती. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. दूधवाल्याशी बोलायच्या, चुकीचा फोन आला तर त्याच्याशीही बोलायच्या, आणि तो माणूस फोन ठेवताना 'बरं वाटलं' म्हणायचा.

पुढं दुकानाचं जे व्हायचं ते झालंच. गिऱ्हाइकं आधी कमी झाली, मग नुसती गप्पा मारायला यायला लागली, मग तीही येईनाशी झाली. यातली गंमत अशी, की लेक नोकरीला लागली तीच मुळी घरोघरी इंटरनेटच्या तारा पोचवणाऱ्या कंपनीत. बापाचं दुकान लेकीच्या तारेनं बंद पाडलं, असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला तक्रारीच्या सुरात सांगायचे, आणि सांगताना कौतुक काही लपायचं नाही. बापलेकीचा वाद मात्र कायमचा. ती म्हणायची, बाबा, डिस्कचे दिवस गेले, आता बोट लावलं की सिनेमा हजर. ते म्हणायचे, हजर काय, तो तुझा आहे का? माझी डिस्क माझ्या फळीवर आहे, ती कुणाच्या बापाला काढून नेता यायची नाही. एकदा लेकीच्या यादीतला एक सिनेमा रातोरात गायब झाला, तेव्हा काका आठवडाभर असे मिरवत होते, की जणू त्यांनीच तो पळवला. लेकीनंही मग उलट ऐकवलं, की तुमच्या डिस्कचे तरी काय, निम्मे सिनेमे खड्ड्यातच. हा वाद दोघांच्याही आवडीचा होता आणि मिटावा असं कुणालाच वाटत नव्हतं.

मग एका सकाळी काकू भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवायला गेल्या, तर ती हातातून सुटलीच. 'अहो' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि पेपर टाकून ते धावले.

दवाखान्यात नेलं, वेळेत नेलं, जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालायला लागला. वाचा मात्र गेली. म्हणजे अगदी गेली असंही नाही. एक शब्द राहिला, 'बरं'. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की असं होतं. मेंदूला मार बसला की कधी कधी एखादाच शब्द हाताशी राहतो आणि माणूस प्रत्येक गोष्टीला तोच काढतो. ऐकलेलं सगळं त्यांना कळतंय, बोलायला जावं तर वाट सापडत नाही. काकूंना पाणी हवं का विचारलं तर 'बरं'. दुखतंय का विचारलं तर 'बरं'. पहिल्यांदा स्वतःच्याच तोंडून भलतं आलेलं ऐकून त्यांनी डावा हात पलंगावर आपटला होता. पुढं आपटेनाशा झाल्या. काकांना सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची.

स्पीच थेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. चित्रं दाखवायच्या, वस्तू हातात द्यायच्या, गाण्याची ओळ अर्धी म्हणून थांबायच्या. काकू नुसत्या बघायच्या आणि शेवटी त्यांचं समाधान करायला 'बरं' म्हणायच्या. एक दिवस जाताना बाईंनी काकांना जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, शब्द आत आहेत, मला खात्री आहे, पण त्यांनी हातपाय गाळलेत. प्रयत्नाचे दिवस हेच आहेत; आत्ता सोडून दिलं तर पुढं फार अवघड जाईल. आणि मग जरा संकोचून म्हणाल्या, की काका, राग मानू नका, पण तुम्ही त्यांना बोलायला जागाच ठेवत नाही. प्रश्न तुम्ही विचारता, उत्तरही तुम्हीच देता.

काकांना ते लागलं, कारण खरं होतं. ते घर इतकं गप्प झालेलं त्यांना सोसवत नव्हतं, म्हणून हा जन्मभर मोजकं बोलणारा माणूस आता सकाळपासून बडबड करत सुटला होता. 'चहा हवा ना? हवाच असेल. साखर कमी घालतो, तुला कमीच आवडते.' काकूंनी काही म्हणायच्या आत कप हातात. काकूंचं गप्प राहणं त्यांनी असं प्रेमानं बुजवून टाकलं होतं.

लेक दर शनिवारी यायची. आई दवाखान्यात असताना तिनंच घर आवरून घेतलं होतं, कठडा लावलेला पलंग बैठकीत आणायला जागा हवी होती. भिंतीलगतच्या डिस्कच्या फळ्या काढायच्या का, असं तिनं बापाला विचारलंही होतं, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या त्या माणसानं, 'कर तुला हवं ते,' एवढंच म्हटलं होतं. त्या वेळी तिनं घर मोडून टाकू का विचारलं असतं तरी ते 'कर' म्हणाले असते. डिस्क रस्त्याच्या टोकाच्या रोपवाटिकेवाल्याला पाखरं हाकलायला हव्या होत्या, त्यानं दोन खोक्यांतून नेल्या. लेकीला वाईट वाटलंच. म्हणून तिनं एक केलं. आईच्या आवडीचे सगळे सिनेमे एक एक शोधून, रीतसर विकत घेऊन, डाउनलोड करून एका मुठीएवढ्या डबीत भरले आणि ती डबी टीव्हीला जोडून दिली. काढणं नाही, पुसणं नाही, फुंकर नाही. "आता कुणी काढून नेणार नाही, बाबा," ती म्हणाली. "घरातच आहेत. आणि पूर्ण आहेत."

रविवारी दुपारी तिघं बसले. काकू पलंगावर उशांना टेकून, काका शेजारी खुर्चीत, लेक खाली सतरंजीवर. लावला तो त्यांच्या घरात रुसव्याचा सिनेमा म्हणून ओळखला जाणारा. एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आणि त्याची बायको, आणि त्यांची सततची भांडणं. काकूंचा सगळ्यात आवडता. चित्र इतकं लख्ख होतं, की नायकाच्या शर्टाला एक बटण कमी असल्याचं काकांना आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. ते मनातल्या मनात कबूल झाले, की पोरीनं कमाल केलीय.

खड्ड्याची जागा तिघांनाही पाठ होती. नायक बायकोशी कडाक्याचं भांडून, दार आपटून, तरातरा बाहेर पडतो, आणि रस्त्याच्या वळणावर चौकोन उडायला लागतात. खड्ड्याच्या पलीकडे दोघं जिन्यात बसून वाटाणे सोलत असतात आणि बायको हसत असते. मधलं कुणीच पाहिलेलं नव्हतं. नायकानं दार आपटलं. काका सवयीनं खुर्चीतून अर्धे उठले, आणि उठता उठता त्यांची नजर काकूंकडे गेली.

काकूंनी मान लेकीकडे वळवली होती. पाठ उशीवरून सुटली होती. डावा हात वर आला होता, गोष्ट सुरू करताना यायचा तसाच, आणि तोंड उघडलं होतं. श्वास आत घेतलेला काकांना ऐकू आला.

आणि सिनेमा पुढं गेला. वळणावर एकही चौकोन उडाला नाही. नायक एका मित्राकडे गेला, मित्रानं त्याला संसार म्हणजे काय यावर लांबलचक उपदेश केला, नायकानं माना डोलावल्या आणि घरी आला. एवढंच. लेक हसून म्हणाली, की आई, हे काय गं, तुझं किती छान होतं. पण तिचं लक्ष पडद्याकडे होतं. काकूंचं तोंड हळूहळू मिटलं. हात मांडीवर आला. त्या पुन्हा उशीला टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं."

काकांनी तो 'बरं' ऐकला आणि त्यांना कसंसंच झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना काकूंजवळ बसवून ते सकाळीच रोपवाटिकेवर गेले. त्यांना ती डिस्क हवी होती. टूथपेस्टनं घासूनही न सुधारलेली, त्याच एका जागी नेमकी अडणारी. आयुष्यभर ज्या ओरखड्यांना शिव्या घातल्या, त्यातला एक शोधायला हा माणूस म्हातारपणी पायपीट करत निघाला होता, आता काय म्हणावं.

रोपवाटिकेत वाफ्यांवर दोऱ्या ताणल्या होत्या आणि दोऱ्यांना काकांच्या डिस्क लटकत होत्या. वाऱ्यानं फिरत होत्या, उन्हात चकाकत होत्या, आणि पाखरं खरंच लांब बसली होती. रोपवाटिकेवाला मोठ्या अभिमानानं त्यांना फिरवून दाखवायला लागला. काका प्रत्येक डिस्क हातात धरून मधल्या भोकाजवळचं स्वतःचं अक्षर वाचत चालले. रुसव्याचा सिनेमा मिरचीच्या रोपांवर सापडला. त्यांनी तो सवयीनं तिरका धरला, तर आरपार मिरचीची रोपं दिसली. उन्हानं वरचा चंदेरी पापुद्रा सुटून गेला होता. आत काहीच उरलं नव्हतं, खड्डा नाही की सिनेमा नाही. काका एका पालथ्या टोपलीवर बसले. सगळं आपल्या फळीवर आहे, कुणाला नेता येत नाही, असं आपण किती वर्षं म्हणत आलो, आणि चार महिन्यांचं ऊन त्याला पुरलं, हे त्यांच्या मनात आलं, आणि क्षणभर डोळे भरून आले. रोपवाटिकेवाला घाबरला. नवी आणून देतो म्हणाला.

"नवी नको रे," काका म्हणाले. "मला अडणारी हवी होती."

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. काकांनाही स्वतःचं बोलणं ऐकून विचित्र वाटलं. अडणारी हवी. म्हणजे नुसतं अडायला हवं. आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. अडवायचंच असेल तर रिमोटवर बटण असतं. जगात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण काकांच्या घरात त्या बटणाला हात लावायची सक्त बंदी होती. डिस्क थांबवून ठेवली की ती आत एका जागी फिरत राहते आणि यंत्राचा डोळा तापून मरतो, अशी त्यांची पक्की समजूत. गिऱ्हाइकांनाही ते हेच बजावायचे. इतकी वर्षं स्वतः कधी ते बटण दाबलं नाही, त्यामुळे सिनेमा आपल्या मर्जीनं थांबतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते तसेच उठले. मिरचीच्या रोपांवरची ती डिस्क त्यांनी पुन्हा दोरीला अडकवली आणि घरी आले.

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. लेक आली, जेवणं झाली, आणि काकांनी पुन्हा तोच सिनेमा लावायला सांगितला. लेक म्हणाली, मागच्याच आठवड्यात तर पाहिला. काका म्हणाले, लाव गं. आणि चहाचं तू बघ आज. लेकीनं चमकून बापाकडे पाहिलं, कारण सिनेमाच्या वेळचा चहा हे काकांचं काम होतं आणि त्यात ते कुणाला लुडबुड करू देत नसत. पण ती उठली.

नायक भांडला. दार आपटलं. तरातरा निघाला, वळणावर आला, आणि काकांनी अंगठा दाबला. एक पाय उचललेला नायक तिथंच थिजला.

काकूंनी पडद्याकडे पाहिलं, मग काकांच्या हाताकडे, मग काकांकडे. काका वाट बघत बसले. गप्प बसणं किती कठीण असतं हे त्यांना तेव्हा कळलं. 'पाणी देऊ का' हे शब्द जिभेवर येऊन येऊन त्यांनी गिळले. काकूंचा डावा हात जरासा वर आला. तोंड उघडलं. कपाळावर आठ्या पडल्या. ओठ काहीतरी शोधत राहिले, आणि शेवटी जे सापडलं ते तेच होतं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांचा धीर खचला. एवढं करून 'बरं'च. त्यांना वाटलं, उगीच छळ मांडला आपण तिचा. आता सिनेमा चालू करावा, नाहीतर आपणच काहीतरी बोलावं. आणि मग, थेरपीच्या बाईंनी नेमकं नको म्हणून सांगितलेलं तेच केलं त्यांनी. तिचं काम हलकं करायला म्हणून ती गोष्ट स्वतःच सांगायला घेतली.

"तो स्टेशनवर गेला ना गं," ते म्हणाले. "स्टेशनवर गेला आणि त्याची ती पिशवी हरवली."

इथं काकांची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांना ती गोष्ट माहीतच नव्हती. खड्डा आला की ते स्वयंपाकघरात. पातेल्याच्या आवाजातून एखादा शब्द कानावर यायचा, स्टेशन म्हणून काहीतरी यायचं, मग लेकीचं खदखदून हसणं यायचं, आणि ते कप घेऊन येईपर्यंत गोष्ट संपलेली असायची. पिशवी त्यांनी पदरची घातली होती.

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस काय बरळतोय. त्यांची मान हलली. डावा हात कठड्यावर आपटला, कितीतरी दिवसांनी.

"ना..." त्या म्हणाल्या. थांबल्या. "नाही."

स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती, हातात गाळणी. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी तिच्याकडे न बघता तळहात वर केला आणि ती होती तिथंच राहिली.

"नाही?" काका म्हणाले. "पिशवी नाही? मग काय हरवलं?"

या वेळी ते खरंच गप्प बसले. काकूंनी डोळे मिटले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"च... चप्पल."

"चप्पल हरवली होय?"

"नाही." हा 'नाही' आधीच्याहून ठणठणीत होता, आणि त्यात वैतागही होता, तो जुना, हक्काचा वैताग, जो ऐकायला काकांचे कान आसुसले होते. "तु... तुट... तुटली."

काका खुर्ची पुढं ओढून बसले. आता मात्र त्यांना खेळ कळला. बरोबर सांगून ही बाई बोलायची नाही. चुकीचं सांगितलेलं तिला सहन होत नाही, कधीच झालं नव्हतं. ते म्हणाले, मग तो चपला शिवणाऱ्याकडे गेला. काकूंनी 'नाही' म्हटलं. मग त्यानं नवी जोडी घेतली. 'नाही.' घाम आला होता काकूंना, पण डोळे असे लकाकत होते, की गेल्या कित्येक महिन्यांत कुणी पाहिले नव्हते. त्या तुकड्या तुकड्यानं सांगत होत्या, एका हातात चप्पल धरून, एक पाय अनवाणी, तसाच, चालत. एक एक शब्द ओढून आणताना त्यांची मान पुढं यायची आणि शब्द सुटला की मागं जायची. लेक दाराला टेकून रडत होती आणि मधेच नाक पुसत होती.

"हां हां," काका म्हणाले. "तसा अनवाणी चालतोय, पाय भाजतोय, आणि एवढ्यात त्याला न्यायला हेलिकॉप्टर आलं."

काकू थांबल्या. त्यांनी काकांकडे टक लावून पाहिलं, बराच वेळ. तोंडाची डावी बाजू हळूच वर गेली. उजवी तशीच राहिली.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. "मुद्दाम करताय."

"हो," काका म्हणाले, आणि तोंडावर बोट ठेवून असे बसले, की पुढचं सगळं काकूंनाच सांगावं लागलं.